जावयाच्या डोक्यावरचं पाणी

हे कुणाला पटायचं नाही, आणि पटलंच तर सांगण्यात माझंच काही चुकलं असं समजावं. टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचं सरोवर पसरलेलं, एवढं मोठं की त्याचं पलीकडचं टोक बघायला गेलेली माणसं म्हातारी होऊन परत येतात आणि काय बघितलं ते विसरलेली असतात. त्या सरोवराच्या डोक्यावर इस्पितळ. त्या इस्पितळातल्या खिडकीजवळच्या खाटेवर नाब्बोसा नावाची बाई दोन दिवस घसा कोरडा ठेवून बसली होती. पाणी नव्हतं म्हणून नव्हे. उशाशी उकळून गार केलेल्या पाण्याचा तीन लिटरचा डबा रोज भरून येत होता. ती कोरडी बसली होती ती जावयाच्या लाजेनं.

नाब्बोसा म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. मसाक्याच्या बाजूला तिची केळीची बाग. बागेत उभी राहून तिनं एक हाक मारली, की पलीकडच्या टेकडीवरची माकडं हातातला घड गुपचूप खाली ठेवत. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं बाग राखली, मुलगा वाढवला, मुलगी उजवली. मुलगा आता जुबाच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, महिनोन्‌महिने त्याचा पत्ता नसतो. बासष्टाव्या वर्षी तिच्या मानेत गाठी आल्या, आधी शेंगदाण्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. मुलगी स्कोव्हिया तिला धरून इस्पितळात घेऊन आली. स्कोव्हियाला स्वतःला नववा महिना होता, पण आईपुढे तिनं पोटाचं नावही काढलं नाही.

सोमवारी सकाळी पहिलं औषध नसेतून गेलं. ते देण्याआधी सिस्टर आपोलोट खाटेच्या कडेवर येऊन बसली. आपोलोट पूर्वेकडची, तेसो जमातीची. इकडची गांडा भाषा बोलायची, पण प्रत्येक शब्द खडीच्या रस्त्यावरून आणल्यासारखा.

"आई, नीट ऐका. हे औषध गाठीला मारतं. पण मारून झालं की सरळ घरी जात नाही. लघवीच्या पिशवीत जाऊन बसतं आणि पिशवी आतून भाजत राहतं."

"मग त्याला हाकला."

"ते तुमच्या हातात आहे. दिवसाला हा डबा रिकामा करायचा. दर दोन तासांनी लघवी करायची, लागो न लागो. अडवून धरायची नाही. जितकं आत बसेल तितकं भाजेल. आणि हे दुसरं औषध, रसात घालून दोन वेळा द्यायचंय. ते पहिल्याच्या मागोमाग पिशवीत जातं आणि त्याची नांगी मोडतं. वास मात्र सडक्या अंड्यासारखा आहे."

नाब्बोसानं तो रस हुंगला आणि एका दमात रिकामा केला. शेणखतात आयुष्य गेलेल्या बाईला अंड्याचा वास काय करणार.

आपोलोटनं खाटेखाली मापाच्या रेघा असलेलं एक भांडं सरकवलं. भिंतीला कागद लावला. "प्रत्येक वेळी यात करायची. तुमचं सांभाळणारं माणूस रेघ बघून आकडा या कागदावर मांडेल, रंग लिहील, भांडं रिकामं करून धुऊन आणेल. मी फक्त येऊन कागद बघणार. चाळीस खाटा आहेत, मला एकटीला जमत नाही."

"माझी पोरगी आहे," नाब्बोसा म्हणाली.

पोरगी होती ती दुपारपर्यंत. दुपारी स्कोव्हिया पाण्याचा डबा भरून वॉर्डाच्या पायऱ्या चढली, वरच्या पायरीवर थांबली, कठडा धरला आणि म्हणाली, "आई, मला वाटतं मला पलीकडे जायला हवं." पलीकडे म्हणजे बाळंतिणींच्या इमारतीत. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं तेव्हा तिनं वळून सांगितलं, "काळजी करू नकोस. सेंबात्याला फोन केलाय. तो येतोय."

नाब्बोसानं पाण्याच्या डब्याकडे बघितलं आणि मग खाटेखालच्या भांड्याकडे.

सेंबात्या म्हणजे जावई. सरोवराकाठी लांबूच्या धक्क्यावर मासे विकतो. माणूस चांगला, कष्टाळू, बडबड्या, आणि धक्क्यावर अशी ख्याती की त्यानं "आज बुधवार" म्हटलं तर लोक कॅलेंडर बघतात. पण चांगला असो की वाईट, जावई तो जावईच. सासूनं त्याच्यासमोर येऊ नये, त्यानं सासूच्या खोलीत पाऊल ठेवू नये, एकानं दुसऱ्याला शिवू नये, सासूच्या वापरातल्या वस्तूला हात लावू नये. हे मोडलं की दोघांना ओबुको लागतो, हातपाय कापायला लागतात ते मरेपर्यंत थांबत नाहीत. अकरा वर्षं झाली लग्नाला. तो अंगणात उभा राहून रामराम करायचा, ती दाराआड गुडघे टेकून उत्तर द्यायची, आणि तेवढ्यावर निभायचं. त्याचं नाक कसं आहे हे तिला धड माहीत नव्हतं. पाठ मात्र भरबाजारात ओळखली असती.

संध्याकाळी तीच पाठ तिला वॉर्डाच्या दारात दिसली. म्हणजे आधी तोंड दिसायची वेळ आली होती, पण त्यानं आत नजर टाकली, खाट ओळखली, आणि निखाऱ्यावर पाय पडल्यासारखा गर्रकन फिरला. बाहेरच्या बाहेर अंगणात गेला. त्याची चटई, त्याचं पातेलं, त्याचा पिवळा पाण्याचा डबा, सगळं बाहेर.

नाब्बोसानं मनात हिशेब मांडला. सांभाळणारं माणूस म्हणजे जावई. भांडं उचलणार जावई. कागदावर आकडा लिहिणार जावई: सासूबाई, चारशे, पिवळी. त्यापेक्षा ओबुको परवडला. भांडं नको म्हणून उठून बाहेरच्या संडासात जावं, तर संडास अंगणापलीकडे, आणि अंगणात फणसाखाली सगळ्या पेशंटांची माणसं चुली मांडून बसलेली. त्यांत तो. दर दोन तासांनी सासूबाई त्याच्यासमोरून निघाल्या आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तिनं चादर तोंडावर ओढली.

चादरीखाली तिला उपाय सुचला. इतका सोपा, की डॉक्टरांना कसा सुचला नाही याचं तिला नवल वाटलं. पाणीच प्यायलं नाही तर भांडं लागणारच नाही.

डबा मात्र रिकामा दिसायला हवा होता. खाटेला लागून खिडकी, खिडकीबाहेर अंगणाची कड. कुणी बघत नसलं की ती पेला भरायची आणि हात बाहेर काढून ओतून द्यायची. सोमवारी संध्याकाळी चार पेले, मंगळवारी दहा. गुळणीपुरतं पाणी, औषधाचा रस आणि सकाळचा अर्धा कप चहा, एवढंच पोटात. जे काही साठायचं ते ती दिवसभर दाबून धरायची आणि सगळे निजले की भिंत धरून संडासात एकदा जाऊन यायची. कागद कोरा राहिला. आपोलोटला मंगळवारी सुट्टी होती. बदलीवर आलेल्या सिस्टरनं कागदाकडे बघितलं आणि "तुमचं माणूस आळशी दिसतंय" एवढंच म्हणाली. नाब्बोसानं मान हलवली. जावयाच्या नावावर हा डाग लागला याचं तिला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

शेजारच्या खाटेवर जुस्टिना होती. तिचं सांभाळणारं माणूस म्हणजे तिची सवत, नान्तेझा. दोघींचा नवरा मरून सहा वर्षं झाली होती, पण भांडण अजून चालूच होतं. नवरा नव्हता एवढंच.

"पाठ घास म्हटलं, सोल म्हटलं नाही," जुस्टिना म्हणायची.

"त्यानं तुझी पाठ कधी घासली होती का? मी घासतेय तर घे घासून."

"त्याला घासायला वेळ नसायचा. तू सोडत नव्हतीस."

आणि हे म्हणता म्हणता नान्तेझा तिच्या खाटेखालचं भांडं घेऊन जायची, धुऊन आणायची, आकडा लिहायची. कोंबडीच्या पायांसारखा आकडा, पण वेळच्या वेळी.

बुधवारी दुपारी जेवायला उकडलेल्या केळ्यांचं मातोके आलं. नाब्बोसानं पेला उचलला तर हात कापत होता. पेल्यातलं पाणी कडेवरून सांडलं. नान्तेझानं ते बघितलं, दाराबाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. तिकडे बाईला 'न्याबो' म्हणून हाक मारतात.

"न्याबो, जावयानं तुझं सामानबिमान उचललं होतं का?"

"नाही गं."

"मग हे काय?"

नाब्बोसानं हात चादरीखाली घातला. म्हणजे एवढं करूनही ओबुको लागलाच. कुठून लागला असेल? दारातून त्यानं तिला बघितलं तेव्हा? की तिचं पाणी त्याच्या अंगणात सांडलं म्हणून?

त्याच वेळी आपोलोट आली. तिनं कागद बघितला, डबा बघितला, नाब्बोसाचे ओठ बघितले. सालपटं निघालेले. मग तिनं पडदा ओढला आणि स्वतः भांडं धरून उभी राहिली.

"करा."

"येत नाहीये."

"मला घाई नाही."

पुष्कळ वेळानं जे आलं ते अर्धा पेलाही नव्हतं, आणि येताना असं जळालं की नाब्बोसानं खाटेची दांडी घट्ट धरली. रंग शिळ्या चहाचा. आपोलोटनं त्यात एक कागदी पट्टी बुडवली आणि उजेडाकडे धरली. पट्टीच्या एका चौकोनावर हिरवे ठिपके उमटले.

"रक्त आहे," ती म्हणाली. "आई, दोन दिवसांत दोन डबे आत गेले आणि एवढंसं बाहेर आलं. बाकीचं कुठे गेलं?"

"घाम आला."

"सहा लिटर घाम आला असता तर आम्ही तुम्हाला होडीतून शोधलं असतं."

आपोलोटनं भांडं खाली ठेवलं. मग खाटेच्या कडेवर टेकली.

"उद्या दुसरा डोस आहे. उद्या सकाळी मी पुन्हा पट्टी बुडवणार. हिरवं दिसलं तर डॉक्टर डोस लावणार नाहीत. लावला तर पिशवी जळून रक्ताच्या गाठी धरतील. नाही लावला तर मानेतल्या गाठी आहेत तिथेच राहतील, आणि आता कुठे त्या मऊ पडायला लागल्यात. तुम्हाला काय हवं ते तुम्ही ठरवा. मी नाकात नळी घालून पाणी ओतू शकते, पण मग आपली मैत्री राहणार नाही."

"हात कापतोय," नाब्बोसा हळूच म्हणाली. "ते कशानं?"

"पाणी नाही पोटात म्हणून. मी दिवसभर पाणी प्यायले नाही तर माझाही कापतो. आणि मला तर जावईच काय, नवराही नाही."

ती निघून गेली. नाब्बोसा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला मरायचं नव्हतं. बागेत या हंगामात नवे कोंब लावले होते, पलीकडे पोरगी अडलेली होती, नातवंड येणार होतं. पण भांडं आणि जावई ही जोडी डोळ्यांपुढून हटेना.

आणि तेव्हा खिडकीखालून, अगदी हाताच्या अंतरावरून, आवाज आला.

"पिवळ्या, अरे पिवळ्या."

नाब्बोसा ताठ झाली. तो फणसाखाली बसत नव्हता. तो खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून बसत होता.

"पिवळ्या, तू पाण्याचा डबा, तुला पाण्यातलं कळतं, म्हणून तुलाच विचारतो. सोमवारपासून माझ्या डोक्यावर एकवीस पेले पाणी पडलं. पहिल्यांदा वाटलं पाऊस. पण पाऊस एकाच माणसाला शोधत येत नाही. मग वाटलं, छपरावरचे करोली पक्षी. पण त्यांच्यातून पडतं ते एवढं स्वच्छ नसतं, आणि त्याला उकळल्याचा वास येत नाही. आता बघ, डोकं धुऊन निघालं, केस काळे झाले, माझी काही तक्रार नाही. पण पिवळ्या, ते पाणी मी चढ चढून, सरपण आणून, उकळून पाठवलेलं. माझ्या डोक्याला उकळलेलं पाणी लागत नाही. मी सरोवरातच वाढलोय."

लेकी बोले सुने लागे, ही गोष्ट सासवांना नवीन नाही. पण आजवर बोलणाऱ्या त्या असायच्या. डब्याला बोललेलं सासूला लागलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. नाब्बोसाचे कान तापले.

"आणि तुला वाटत असेल," बाहेरचा आवाज पुढे गेला, "की तुझं भांडं मी उचलणार. मी कसा उचलेन, पिवळ्या? मी माणसात वाढलोय. मी सोमवारीच नान्तेझाबाईंशी बोललोय. भिंतीच्या आतलं सगळं काम त्यांचं, दोन्ही खाटांचं. भिंतीच्या बाहेरचं सगळं माझं, दोन्ही खाटांचं. दोघींसाठी मी पाणी आणतो, मी सरपण फोडतो, मातोके मी उकडतो. आज दुपारी जे खाल्लंस ते माझ्या हातचं होतं. मीठ जास्त झालं होतं का?"

नाब्बोसानं हळूच मान वळवून नान्तेझाकडे बघितलं. नान्तेझा नखं कुरतडत होती.

"सोमवारी?" नाब्बोसा म्हणाली.

"सोमवारी संध्याकाळी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? मी दोन दिवस वाट बघतेय तुझं भांडं भरायची. ते कोरडं ठणठणीत. मला वाटलं, तुझी जातच वेगळी आहे."

"तिला वाटतं सगळ्यांना सगळं आपोआप कळतं," जुस्टिना खाटेवरून म्हणाली. "नवरा मेला तेही मला तिसऱ्या दिवशी सांगितलंन्‌."

"तुला आनंद लवकर मिळू नये म्हणून."

तर भांड्याचा प्रश्न सुटला होता, आणि तो सुटल्याला दोन दिवस झाले होते. आता पाणी प्यायला काय हरकत होती? पण माणसाचं मन म्हणजे सरळ नळी नव्हे. नाब्बोसाच्या मनात आता दुसरीच लाज शिरली. त्याला कळलं होतं. एकवीस पेले त्यानं मोजले होते. आता ती जो पेला पिईल तो त्याला ऐकू येणार, आणि जे प्यायलं त्याचं पुढे काय होतं हे मासे विकणाऱ्यालाही कळतं. ती पेला हातात धरून बसून राहिली.

खिडकीखाली डबा सरकला. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"पिवळ्या, तुला करमत नसेल. एक गोष्ट सांगतो. हे कुणाला पटत नाही, पण तू डबा आहेस, तुला डोकं नाही, तुला पटेल. गेल्या वर्षी मी होडी घेऊन मध्यावर गेलो होतो. समोरून सरोवरातल्या चिलटांचा खांब आला. काळा, आभाळाला टेकलेला. तुम्ही लोकांनी लांबून बघितलेला असतो. मी आतून बघितला. चिलटं एवढी दाट, की मी वल्हं मारलं तर वल्हं चिलटांतच रुतलं. मी दुसरं मारलं, तेही रुतलं. आणि तिसऱ्यांदा जोर लावला तशी होडी पाण्यावरून उठली आणि चिलटांवर चढायला लागली. मी वल्हवतोय, होडी चढतेय. धक्का खाली काड्यापेटीएवढा. कालांगालाची बेटं खाली मुगाएवढी. आणि तेवढ्यात वारा पडला."

आवाज थांबला.

वॉर्डातल्या सहा-सात खाटा थांबल्या होत्या. जुस्टिना कोपरावर उठून बसली.

"मग?" ती म्हणाली.

"पिवळ्याला तहान लागली," बाहेरून उत्तर आलं. "त्याला एक पेला पाणी मिळालं आणि रिकामा पेला खिडकीत पालथा पडला की पुढचं आठवेल."

सगळ्या माना नाब्बोसाकडे वळल्या.

"पी की," जुस्टिना म्हणाली. "माणूस आभाळात लटकलाय."

"लटकू दे."

"न्याबो, मला चार दिवसांत झोप नाही. मला त्या माणसाचं काय झालं ते कळल्याशिवाय आजही यायची नाही. पी."

नाब्बोसानं डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला. पाणी घशातून उतरलं ते वैशाखात फुटलेल्या जमिनीत उतरावं तसं. पहिला घोट कुठे गेला ते कळलंच नाही. दुसरा छातीपर्यंत जाणवला. तिला आठवलं, की पाणी ही गोष्ट चांगली असते. तिनं पेला खिडकीत पालथा ठेवला. टक्क.

"तर वारा पडला," आवाज लगेच म्हणाला, "आणि चिलटांना भूक लागली..."

तो खाली कसा आला ते सगळं सांगत बसलो तर आपली रात्र होईल. एवढंच सांगतो की त्याला तीन पेले लागले. त्यानंतर पाणघोड्याची गोष्ट निघाली. पाणघोड्यानं सेंबात्याचा रेडिओ गिळला आणि पुढचे दोन महिने सगळा धक्का रोज संध्याकाळी पाणघोड्याच्या पोटाला कान लावून बातम्या ऐकायचा. बॅटरी संपत आली की त्याला ऊस खायला घालायचे. ही गोष्ट फार लांब होती आणि तो प्रत्येक नाक्यावर थांबत होता. कधी पाणघोडा उघडं तोंड करून उभा, कधी बातमी अर्ध्यात. टक्क. टक्क. नान्तेझा दर दोन तासांनी पडदा ओढायची, भांडं घेऊन जायची, येऊन कोंबडीच्या पायाचा आकडा काढायची. पहिल्यांदा नाब्बोसानं चेहरा झाकून घेतला. दुसऱ्यांदा निम्मा झाकला. तिसऱ्यांदा ती पडद्याआडून म्हणाली, "जरा थांबव गं त्याला, माझी बातमी चुकतेय," आणि नान्तेझानं खिडकीतून ओरडून गोष्ट थांबवली. सगळ्या वॉर्डाला कारण कळलं. नाब्बोसाला वाटलं होतं तेवढी जमीन काही फाटली नाही.

संध्याकाळी सेंबात्याची गोष्ट मध्येच तुटली. बाळंतिणींच्या इमारतीतून निरोप आला होता. मुलगी झाली, आई आणि मूल दोघी ठीक. तो धावत गेला, धावत आला, आणि डब्याला धाप लागलेल्या आवाजात सांगितलं, "पिवळ्या, तू आजी झालास." आत सगळ्या बायका हसल्या. नाब्बोसा हसली नाही, कारण ती रडत होती. पण त्या आनंदात तिनं न सांगता दोन पेले घेतले आणि दोन्ही वाजवून ठेवले.

गुरुवारी सकाळी आपोलोटनं कागद बघितला. वरपासून खालपर्यंत आकडे. रंगाच्या रकान्यात नान्तेझानं लिहिलं होतं: चहा, चहा, दुधाळ चहा, उसाचा रस, पाणी, पाणी. आपोलोटनं पट्टी बुडवली, उजेडाकडे धरली आणि तशीच धरून उभी राहिली. जुस्टिनानं सुद्धा भांडण थांबवलं होतं.

"पिवळी," आपोलोट म्हणाली. "एक ठिपका नाही." तिनं पट्टी नाब्बोसाच्या नाकासमोर धरली. "कोण पाजत होतं तुम्हाला?"

"डबा," नाब्बोसा म्हणाली.

दुसरा डोस लागला. हात कापायचा थांबला होता. त्याच हातातून औषध थेंबाथेंबानं आत जात होतं. पाठोपाठ रस आला, सडक्या अंड्याचा. आणि डबाभर पाणी पुन्हा उशाशी. आजच्या दिवशी तर एक पेलाही चुकवून चालणार नव्हतं, हे आपोलोटनं तीन वेळा बजावलं. दुपारपर्यंत निम्मा डबा गेला. मग मळमळ सुरू झाली. पोट नको म्हणत होतं, पेला नुसता बघून तोंडाला पाणी सुटत होतं ते वेगळ्याच कारणानं. दोनदा उचलून तिनं खाली ठेवला.

खिडकीखाली त्याला टक्क ऐकू आलं नाही. त्यानं बराच वेळ वाट बघितली. मग सुरू केलं.

"पिवळ्या, आज खरी गोष्ट सांगतो. स्कोव्हियाला मागणी घालायला गेलो तेव्हाची. आमचे लोक साखर, साबण, कापड, सगळं घेऊन निघाले. मी म्हटलं, मी धक्क्यावरचा माणूस, मासा नेल्याशिवाय जाणार नाही. आदल्या दिवशी जाळ्यात एक म्पुता मासा लागला. पिवळ्या, ट्रकमध्ये घातला तर मावेना. दुसरा ट्रक मागं जोडला. डोकं सासुरवाडीच्या दारात पोचलं तेव्हा शेपटी न्येंडोच्या बाजारातून वळण घेत होती."

वॉर्डात हसू पसरलं. नाब्बोसानं नकळत पेला उचलला.

"स्कोव्हियाचे चुलते मला म्हणाले, पोरा, एवढा मासा कशाला? मी म्हटलं, हा लहानातला लहान निवडलाय. मग तो उतरवायला सगळं गाव आलं. तीन दिवस खाल्ला. पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी पोट. पोटात माझ्या काकांची हरवलेली होडी निघाली, वल्ह्यांसकट."

नाब्बोसा पीत होती. अर्धा पेला झाला होता आणि तिला मळमळ आठवत नव्हती.

"आणि तिसऱ्या दिवशी शेपटी. सासूबाईंनी स्वतः शेंगदाण्याच्या रश्शात केली. असा वास सुटला, पिवळ्या, की मसाक्यापासून माणसं चालत आली. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, असा मासा जन्मात खाल्ला नाही..."

"खोटं."

आवाज बागेतला होता, माकडांना घड खाली ठेवायला लावणारा. फणसाखालच्या चुलींपाशी बसलेली माणसं वळून बघायला लागली.

"मासा दोन हातांचा होता, जावईबापू," नाब्बोसा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आणि शेपटीकडून नासला होता. मी दाराआडूनच नाक धरलं होतं. रातोरात केळीच्या बुंध्याशी पुरला आणि सकाळी बाजारातून दुसरा आणून तुमच्या लोकांना जेवू घातला. अकरा वर्षं झाली, कुणाला बोलले नाही. आणि आता पोटात होडी निघाली म्हणताय. हसवू नका हो आता, कळ येते. नान्तेझा, भांडं आण, आधी भांडं आण."